कणसूर

इसोगाई-सान आले तेव्हा दुकानात कोणी नव्हतं.
फेब्रुवारी. हवा इतकी कोरडी
की हेडफोन उचलला की बोटाला बारीक चटका बसायचा.
नाकानोच्या त्या चौथ्या मजल्यावर
मला लागून अकरा दिवस झाले होते,
आणि प्रत्येक हेडफोनचं एकेक वाक्य पाठ होतं.

त्यांनी कापडी पिशवीतून स्वतःची सीडी काढली.
"बाविसाव्या मिनिटापासून लावा.
तुमचं वाक्य नंतर."

आधी लाकडी वाट्यांचा दिला.
त्यात पियानो शेगडीजवळ आणून ठेवल्यासारखा वाटतो,
खर्ज भरलेला, कडा घासून गोल केलेल्या.
लोक अशा वेळी डोळे मिटतात. त्यांनी मिटले नाहीत.
"भला माणूस आहे," म्हणाले.
"भांडण सोडवायला बोलावला
तर दोघांचंही बरोबर म्हणेल."

मग जर्मन, पाऊण किलोचा,
मान थोडी पुढे झुकली त्यांची.
पेडलचा चामडी श्वास, बाकाचा स्क्रू,
तिसऱ्या रांगेतला दाबलेला खोकला,
सगळं वेगळं, सगळं मोजून मांडलेलं.
"सगळं ऐकवतो," मी वाक्य म्हणालोच.
"हो. महत्त्वाचं काय ते मात्र सांगत नाही."

तिसऱ्याला स्वतःची पेटी लागते, वीज लागते,
आणि गरम व्हायला पंधरा मिनिटं.
त्या पंधरा मिनिटांत
त्यांनी थर्मासच्या झाकणातून चहा प्यायला
आणि मला सांगितलं
की त्या संध्याकाळचा पियानो त्यांनी लावला होता.
मात्सुमोतो, डिसेंबर, सभागृहाचं हीटर नवं.
वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात,
तिघी मिळून एकच वाटायला हव्यात.
मध्यंतरानंतर त्यांतली एक उतरली.
केसभर.
ते विंगेत उभे होते, हातात किल्ली,
आणि किल्लीचा काही उपयोग नव्हता.
वादकाने कानाआड केलं. टाळ्या झाल्या. सीडी निघाली.
पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावलं.

"मला आता तो सूरच ऐकू येत नाही," म्हणाले.
"डॉक्टरांनी आलेख काढून दिलाय,
उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी रेघ.
तुम्ही ऐका."

मी ऐकलं.
त्या हेडफोनमध्ये साबणाच्या फुग्याइतका पातळ पडदा असतो,
विजेच्या दोन जाळ्यांमध्ये ताणलेला,
आणि त्याला वजन नसल्यामुळे
तो काही धरून ठेवत नाही.
पहिल्यांदा काही कळलं नाही.
दुसऱ्यांदा
बशीवर कप ठेवावा
आणि ठेवल्यावरही तो जरासा हलत राहावा,
तसं काहीतरी.

"किती वेळ हलतो?"
"दोन सेकंद. कमीच."
"कुठल्या बाजूला?"
मी उजवा हात वर केला.
त्यांनी तो हात पाहिला,
पियानो लावणाऱ्याने किल्लीकडे पाहावं तसा,
आणि हसले, आवाज न करता.
"पंधरा वर्षं मला वाटायचं,
मीच रचलंय ते."

विकत घेतला तो लाकडी वाट्यांचा.
रोख, दहा-दहा हजारांच्या नोटा, दोनदा मोजून.
मी विचारलं, मग तिसरा का नको?
त्यांनी मफलर गुंडाळला.
"त्याचं काम झालं."
सीडी मात्र यंत्रातच राहिली. मी जिन्यापर्यंत धावलो,
खालच्या मजल्यावरून नुसता हात हलवलेला दिसला.

आता दुकान माझं आहे, मजला तोच.
ती सीडी गल्ल्याच्या खणात असते.
कोणी विचारलं, या तिघांत फरक काय,
तर मी ती लावतो, बाविसाव्या मिनिटापासून,
आणि काही सांगत नाही.
बहुतेकांना खोकला सापडतो, फार तर बाकाचा स्क्रू.
तारेपर्यंत आजवर चौघं पोचले,
त्यांतली एक शाळकरी मुलगी, तिला घ्यायचं काहीच नव्हतं.

परवा दुकान बंद केल्यावर मीही लावली.
एकदा. मग हीटर बंद करून.
मग फ्रीजचा प्लग काढून.