माया

हेल्दुरने सकाळीच माझं भिंग पळवलं,
सुई ओवायचं.
टेबलावरची काकडीची बरणी कडेला सारून
रेडिओचं झाकण उघडलं:
काडेपेटीएवढी डबी, आत हिरवी पाटी,
पाटीवर तिळाहून बारीक काहीबाही.

"हा फिल्टर," चिमट्याचं टोक टेकवत म्हणाला,
"दाराशी बसलाय. दोन मेगाहर्ट्झच्या वर
कुणाला आत सोडत नाही.
आतल्या चिपला आठ झेपतात."

कॅर्डलात चाळीस वर्षं मी खलाशांचे कोट शिवले.
मला कळलं ते एवढंच:
शिवणीत माया आहे,
आणि हा उसवायला बसलाय.

राळेचा धूर. पाइनच्या लाकडाचा वास.
पहिला तुकडा उडाला तो फरशीवर गडप.
टॉर्च घेऊन दोघं गुडघ्यांवर;
सापडली माझी टाचणी, गेल्या नाताळातली.
"जाऊ दे, तो काढायचाच होता,"
आणि त्या रिकाम्या जागी
जुन्या हेडफोनच्या तारेतला एक केस डकवला.

मच्छीमार बोटीवर वायरलेस सांभाळायचा तेव्हा
वादळातून अक्षर वेचायचा हा माणूस.
आता चिमण्या गेल्या. केटलची शिट्टी गेली.
डॉक्टरीण म्हणाली, वरचे सूर आधी जातात.

संध्याकाळी पडदा रुंद झाला.
निळ्यावर पिवळ्या उभ्या रेघा, खाली झरत,
धबधबा म्हणतो तो याला,
थेंबाचाही आवाज नाही.
जहाजं, हवामान, कुणाचं तरी विमान.
त्याने काटा सरकवला, रेघा डावीकडे गेल्या
आणि एक तेवढी उजवीकडे.

"ही इथली नाही," तो म्हणाला.
"कुठलीतरी लांबची, दुमडून इथे उमटलीय.
दार काढलं की अशी येणारच."

पातळ कापड दुमडलं
की पाठची फुलं पुढे दिसतात,
त्यासाठी आम्ही अस्तर लावायचो.
"मग परत बसव ना फिल्टर."
त्याने ऐकलं नाही,
की ऐकू आलं नाही, देव जाणे.

हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.
"त्या रेघेवर कान दे. वरती, बारीक.
आहे का काही?"
चाळणीत वाळू हलवावी तशी खरखर.
मी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.
"आहे," म्हटलं.
"काय आहे?"

केटल केव्हाची ओरडत होती.
आधी ती उतरवली.