नाव घातलेलं

गायधनी म्हणाली, सर, फाइल परत आणली.
आणि मग, अगदी हळू,
पण माझं गेलं.

दुपारचे साडेतीन. सराफ बाजारामागच्या बोळात
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली रासने आणि मंडळी, तांब्यापितळेची भांडी.
त्यांच्याच बिलांचा प्रोग्राम आम्ही लिहितो,
भाड्यातून वळते होतात थोडे पैसे.

मोडीच्या वजावटीचा हिशोब लिहीत होती ती
सकाळपासून, डबा न उघडता:
जुना हंडा भरला किती, त्यात डाख किती,
कल्हईचे किती धरायचे, घट किती.
कुठंतरी एक कंस चुकला.
तिला वाटलं, तेवढा कंस मागे घ्यावा.
कमांड सांगितलं तेवढंच ऐकते:
फाइल पूर्ववत कर.
पूर्ववत म्हणजे काल संध्याकाळी होती तशी.
आजची सकाळ
तिच्या लेखी उगवलीच नव्हती.

ब्रांच मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती,
नदीवर नेऊन, दुतोंड्या मारुतीपाशी.
बुधवार होता.
म्हटलं, हा घाट म्हणजे फोल्डर.
आज त्यात बाजार आहे: मेथी, विळे, चपला,
एकात एक घातलेल्या बादल्या.
ब्रांच बदल, की याच पायऱ्यांवर नुसतं धुणं वाळत असेल.
बाजार मेला नाही, तो बुधवारात आहे.
अजून एक ब्रांच ऑगस्टची,
मारुतीच्या कमरेला पाणी, घाट दिसतच नाही.

आणि बाजार मांडलेला असतानाच
गंगापूरचं पाणी सोडलं तर?
तिनं विचारलं होतं.
खूश झालो होतो मी.
म्हटलं, अशा वेळी गिट आडवं येतं,
म्हणतं, आधी पथारी आवर, मग जा.

हे मी सांगितलं.
पूर्ववत करताना मात्र ते असं काही विचारत नाही,
पथारीसकट धुऊन नेतं,
हे सांगायचं राहिलं.
मारुतीच्या दोन्ही तोंडांनी मीच बोलत होतो, तरीही.

एडिटर बंद केलास?
केला.
कमिट?
पूर्ण झालं की करणार होते.
मी दोन-चार ठिकाणी हात घालून पाहिला,
बिऱ्हाड हलल्यावर कोनाडे चाचपतात तसा.

खालून रज्जाकचं मशीन टर्ररर.
कुणाच्या तरी लेकीचा घंगाळ-तांब्या,
देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख.
मी खिडकीतून ओरडलो, रज्जाकभाई, जरा दम.
तो म्हणाला, बाई थांबल्यात, साहेब,
पंगतीत गेलेलं भांडं
नावावरच घरी येतं.

गायधनीनं ऐकलं. काही बोलली नाही.
डबा उघडला. गार पोळी, गवारीची भाजी.
खाताना डाव्या हातानं टाइप करत होती.

त्यानंतर दर दहा मिनिटांनी तिचं एक कमिट.
मी माझ्या स्क्रीनवर बघत बसलो:
हंड्याची घट, अर्धवट.
डाख वजा.
कंस.
कंस पुन्हा.
गवार आवडत नाही.
हे शेवटचं काढून टाकायला सांगणार होतो.
नाही सांगितलं.

सातला रासन्यांचं शटर खाली आलं.
तिचा हिशोब बसला, सकाळच्या निम्म्या ओळींत.
बरं झालं की मग, मी म्हटलं.
नाही सर, ती म्हणाली,
सकाळच्यात एक युक्ती होती,
फुटक्या भांड्याचा वेगळा भाव
एका ओळीत बसवला होता मी.
कसा, ते आठवत नाहीये.

पिशवी खांद्याला लावून उभी राहिली,
मग परत बसली, आणि लिहिलं:
मोड वजावट, दुसऱ्यांदा.
खाली तिचं नाव, तारीख, वेळ
आपोआप उमटले.