नाव घातलेली भांडी

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली परात आली.
मागवाल्यांच्या घरातली ईरव्वा दारात उभी,
पदराखाली पितळ झाकून, जणू चोरीचा माल.
'अक्कांचं हाय हे,' म्हणाली, 'पोराच्या बारशाला नेलेलं.
पोरगा आता बेंगळुरात कामाला हाय.'
मी परात उलटी केली. काठावर टिंबाटिंबांनी
द्वारकाबाई रा. हलगेकर, वडगाव.

मग रोज काहीतरी येत गेलं.
शनिवारी दोन पातेली, बुडाला काळी,
मंगळवारी झारा, दांडा दुसऱ्याच झाऱ्याचा.
पॉवरलूम बंद पडले त्या वर्षी
ज्या हंड्यातल्या आमटीवर गल्ली जेवली,
तो चौघांनी धरून आणला,
ठेवला,
आणि चौघेही जरा वेळ तिथंच उभे राहिले.

एका तांब्यावर नाव कानडीत होतं.
घालणाऱ्याला मराठी येईना,
आणि अक्काला दोन्ही वाचता येत नव्हतं.
अंगठा फिरवून म्हणायची,
'खडबडीत लागलं की माझं.'

दगड पडायचे त्या दिवसांत
सगळ्या गल्लीनं कड्या घातल्या,
हिनं दार अर्धंच लोटलं.
'पुरं लावलं तर अडलेलीनं हाक कुठं मारायची गे?'
त्याच रात्री पलीकडं शिवलिंगव्वाला कळा सुटल्या.
अक्का कर्फ्यूत गेली, कमरेवर कढत पाण्याची घागर.
पोलिसानं कुठल्या भाषेत अडवलं,
ते तिला कधी सांगता आलं नाही.
'वरडला,' एवढंच.

फटकळ होती. मला पाच वर्षं मीठ मोजून दिलं.
माझ्या माहेरच्या मांड्यांना भर पंगतीत
चामडं म्हणाली, ते मी अजून विसरले नाही.
पण लग्नसराईत पालथ्या खापरापुढं बसून
ती मनगटांवर मांडा फिरवायला लागली की
कणीक मळता मळता माझे हात थांबायचे.
मांडा वाढत जायचा, विरत जायचा,
पलीकडून चुलीचा जाळ दिसायचा.
कोपरापर्यंत भाजल्याचे डाग.
कुठला डाग कुणाच्या लग्नातला, सगळं पाठ.
त्या घरात भांडण झालं
की तो डाग खाजतो म्हणायची.

शेवटच्या वर्षी माणसं पुसत गेली.
मी कोण, हेही.
पण खाटेवरून हाक यायची,
'सांबरेकरांकडनं किसणी आली काय?'
सांबरेकर गल्ली सोडून गेले
त्याला वीस वर्षं झाली.

आता माळ्यावर जागा नाही.
हे म्हणतात, मोडीत घालू, पितळेला भाव आहे.
मी मोजली. एकेचाळीस.
मुळात किती होती, ते तिलाच ठाऊक.
किसणी नाही.

काल दहा दिवसांनी नळाला पाणी आलं,
त्या गडबडीत कोपऱ्यावरची नवी भाडेकरीण आली,
गदगकडची. कानडीत काहीतरी म्हणाली,
मग दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढला.
मी हंडा काढून दिला. एक बाजू तिनं धरली, एक मी,
उंबऱ्यापर्यंत.
ती वळून गेल्यावर ध्यानात आलं,
कधी आणणार ते राहू दे,
नावसुद्धा विचारलं नाही.