सहा अंडी

एकतीस वर्षं मी लॉरी चालवली.
लिमोज ते लील, लील ते लियोन,
पाठीवर चोवीस टन. कधी सिमेंट, कधी डुकरं,
एकदा नुसत्या शवपेट्या, रिकाम्या, वासाला कोऱ्या.
रस्ता म्हणजे पुढच्याचे लाल दिवे,
याहून जास्त मला विचारू नका.

आता ही सायकल.
जाड टायर, बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल.
जावई म्हणाला, "आन्सेल्म, या वयात खडीवर?"
म्हटलं, डांबराशी माझा हिशेब मिटला.

रूळ उपटून नेले त्याला चाळीस वर्षं झाली.
मागे राहिली ही खडीची पट्टी.
आगगाडीला चढ सोसत नसे,
म्हणून वाट अजूनही डोंगराच्या कलाने घेते,
वळसा घालते, घाई करत नाही.
दोन्ही बाजूंना नेचे, चेस्टनटची काटेरी बोंडं,
कुंपणाशी तांबूस गायी,
ज्यांना माझ्यात काडीचाही रस नाही.

उजव्या कानात माझ्या इंजिन अजून चालूच असतं.
डॉक्टरकडे त्याला नाव आहे, औषध नाही.
खडी त्याच्यावरून बोलते,
कर्र, कर्र,
मग ओल्या पाचोळ्यावर एकदम गप्प.
तेव्हा इंजिन ऐकू येतं, पण न्यूट्रलमध्ये.

पाण्याची बाटली दफनभूमीत भरायची.
फाटकाच्या आत नळ आहे, शेजारी टांगलेल्या झाऱ्या.
मेलेली माणसं पाण्याला नाही म्हणत नाहीत.
फेर्नां बोर्दियेच्या दगडावर शेवाळ चढलंय;
उरलेलं पाणी त्याच्यावर ओतलं.
जिवंतपणी गडी पाण्याला शिवत नसे.

पुढे रेल्वे फाटकवाल्याचं बुटकं घर.
फाटक गेलं, भिंतीवर एकोणीसचा निळा पत्रा तेवढा राहिला.
खिडकीत डबा, डब्यावर चिठ्ठी:
सहा अंडी, दोन युरो, सुटे ठेवावेत.
माझ्याकडे पाचची नोट.
युगेत बाहेर आली, कोपरापर्यंत पीठ.
"सायकलवरून? अकरा किलोमीटर? या खडीवरून?"
अशी हसली की कोंबड्या पांगल्या.

सुटे मोजता मोजता म्हणाली,
"आई दिवसातून आठ वेळा फाटक लावायची.
गाडी गेली तरी कपाटातल्या बशा
कितीतरी वेळ आपसात बोलत राहायच्या.
आता गप्प असतात.
कधी कधी मीच कपाट हलवते."
यावर काय बोलायचं असतं, मला सुचलं नाही.
तीन युरो खिशात टाकले.

दोन अंडी जादा मोज्यांत, तीन पावसाळी जाकिटात,
एक टोपीत. सगळी हँडलच्या पिशवीत.
मग वाकून दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली,
अंगठ्याने दाबून पाहिलं, आणखी थोडी सोडली.
चोवीस टन नेताना कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.
विम्याचे कागद असायचे.

आता प्रत्येक मूळ दिसायला लागलं.
प्रत्येक दगडाला तोंड आलं.
बोगद्यात तर उतरलोच;
वरून थेंब, खाली चिखल, दिवा क्षीण,
तान्हं बाळ नेतो तशी सायकल नेली
आणि अंधारात मोठ्याने म्हणालो, "सांभाळून,"
कोणाला, ते ठाऊक नाही.
बोगद्याने तेच मला परत सांगितलं.

घरी पोचायला दोन तास.
एरवी चाळीस मिनिटं लागतात.
ओट्यावर एकेक उलगडलं.
पाच शाबूत. टोपीतल्याला केसाएवढी चीर.
तेच आधी फोडलं, लोणी तापलेलंच होतं.

खाऊन झाल्यावर फोन लावला.
म्हटलं, "युगेत, पाच."
तिकडून बराच वेळ काही नाही.
मग दुरून, बशांचा आवाज.