भिंतीवरची पाचवी ओळ

सोमवारी समिती येणार म्हणून
बोरोले मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला.
"महाविद्यालयाचे अग्रक्रम. पाचच लिहा.
दर्शनी भिंतीवर रंगवायचेत."

मी गणित अध्यापन पद्धतीचा माणूस,
पाच म्हटले की पाचच काढतो.
गुणवत्ता लिहिलं. संशोधन. समाजाभिमुखता.
तंत्रज्ञानही लिहिलं, कॉम्प्युटर लॅबची किल्ली
गणपतीपासून सापडत नाही तरी.
पाचव्यापाशी पेन थांबलं,
आणि चोपड्याच्या रस्त्यावरून केळीचा ट्रक जाऊन
त्याची धूळ बसेपर्यंत थांबलंच.

आधार पेंटर शिडीवरून म्हणाला,
"सर, हाई भिंत धाकली शे.
'सर्वांगीण'ले रंग भलता लागस."
अक्षरावर पैसे घेतो तो. काना-मात्रा फुकट.

मग सहज, ब्रश रॉकेलात बुडवत:
"तुमना बीएडना मास्तर आमना शाळामा उनथात.
एक बाई फळावर लिखता लिखता रडनी.
मंग आम्ही गुपचूप बठनूत."

कुठली शाळा, मी विचारलं.
चहार्डी, म्हणाला.
साल विचारलं नाही.
त्या बाईंच्या निरीक्षण वहीत
'वर्गनियंत्रण : असमाधानकारक'
या शेऱ्याखालची सही माझी असू शकते.

दर हिवाळ्यात आम्ही पोरांच्या वर्गात
कडक इस्त्रीची नवी माणसं सोडतो,
पंधरा दिवसांसाठी.
पोरांना त्यांची नावं पाठ होतात
तोवर सराव पाठ संपलेले असतात.

गेल्या बुधवारी वैजापूरच्या आश्रमशाळेत
छबीता पावराचा पाठ होता, अपूर्णांकांचा.
टाचण देखणं. उद्दिष्टं लाल शाईत,
अपेक्षित वर्तनबदल हिरव्या.
केळीची फणी आणली होती तिनं.
एका पोरानं अंश-छेद सोडून
फणीच उचलली, पावरीत काहीतरी बोलला.
वर्ग हसला. छबीताही.
टाचण मिटून ठेवलं तिनं
आणि पुढची वीस मिनिटं
त्या भाषेतच वाटण्या चालल्या,
निम्म्या, पाव, पावातल्या निम्म्या.

मी मागच्या बाकावर, गुडघे मावत नाहीत असा,
खोलीत एकटाच,
ज्याला काही कळत नव्हतं.
तीस वर्षं शिकवतोय,
'विद्यार्थ्याच्या जागी बसून पाहा'.
बसलो नव्हतो.

भाषेच्या रकान्यात पाचपैकी
प्रमाण न बोलणाऱ्यांना मी तीन देतो.
कधी दोन.
त्या दिवशी रकाना तसाच ठेवून
एसटीत बसलो, वही मांडीवर,
अडावदपर्यंत पेनाचं टोपण उघडत-मिटत.
शेजारच्या म्हातारीला वाटलं, मी हिशेब करतोय.

आता चार ओळी वाळत आल्यात.
'समाजाभिमुखता'मधला 'भि' थोडा ओघळलाय,
मॅडमना दिसायच्या आत पुसायला हवा.
पाचवीसाठी आधारनं सुतळी निळीत बुडवून
दोन रेघा मारून ठेवल्यात.
"सर, काय लिखू?"

मी वर पाहिलं.
"त्या बाईंचं नाव काय होतं रे?
रडल्या त्या?"

तो ब्रश न थांबवता
नाव सांगतो. आडनावासकट.
कुठल्या गावच्या, तेही.

मला काही केल्या चेहरा आठवत नाही.

जेवून ये, म्हणालो त्याला.
पाचवीचं बघू.
रेघा मात्र पुसू नकोस.