तीन ओहम

दौलतगंजात संध्याकाळी लाइन कमी येते.
मीटर लावला: दोनशे.
पत्र्यावर दोनशे तीस लिहिलंय, खाली हजार वॅट,
कंपनीचं नाव पुसलेलं.
करंट चार.
लाइटबिलाच्या पाठीवर मी मांडते:
दोनशे भागिले चार, पन्नास ओहम.
दोनशे गुणिले चार, आठशे वॅट.
"पूर्वीसारखा तापत नाही गं," इंदापूरकरबाई म्हणतात,
शाल कानांवरून सोडत नाहीत.
हीटर बरा आहे, बाई. लाइनच थकलीय.

पण हिशेब मिटत नाही.
पत्रा खरा धरला, तर त्रेपन्न यायला हवेत.
तीन ओहम गेले कुठे?

स्विच बंद करून, निवू देऊन, टॉर्च धरते.
चौथ्या खाचेत एक पीळ.
जळकं टोक कापून, तार ताणून,
कुणीतरी चिमट्यानं गुंडाळलेली.
"ह्यांनी. धुक्याची रात्र, सगळा सराफा बंद,
आणि सुमेधला ताप.
दोनदा भाजले, तरी उठेनात."

म्हणजे तार तेवढी आखूड झाली.
आखूड तार जास्त ओढते, जास्त तापते.
त्या रात्रीपासून हा हीटर
लाइन पुरी असली की
पत्र्यावर लिहिल्याहून पन्नासेक वॅट
जास्तच देत आलाय.

"नवी कॉइल टाकतेस का?"
मी स्विच दाबते.
लाली खाचाखाचांतून चढत जाते,
पिळाशी मात्र तार काळीच राहते:
तिथं दोन तारा शेजारी,
करंट निम्मा-निम्मा.

नको, म्हणते. वीस रुपये द्या,
मोजल्याचे.