तीस रुपयांत जाहिराती बंद

अमळनेरच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून
माझी टपरी. चार बाय सहा.
काच बदलणे, चार्जिंग पिन, बॅटरी
आणि खाली खडूने, माझ्याच अक्षरात :
तीस रुपयांत जाहिराती बंद.

रिटायर पोस्टमन भालेराव आप्पा आले.
पहाटेच्या भजनात मधेच एक माणूस
बनियनवर उडी मारतो, म्हणाले, त्याला काढ.
काढला.
बोरसे सरांची यामिनी आली.
फळ्यावर बरोबरचं चिन्ह उमटतं
आणि उत्तराच्या जागी रमी.
तिच्याकडून वीसच घेतले.
डेटा आपला, चार्जिंग आपलं, डोळे आपले,
असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो
आणि ते पटायचं,
कारण खरंच होतं.

मग मांडळहून इंदूमावशी आली.
कळण्याची भाकरी थापता थापता
अहिराणीत गोष्टी सांगते ती;
नातू फोन डब्याला टेकवून शूट करतो.
सव्वा लाख लोकांनी तिला वांगं भाजताना पाहिलंय.
पिशवीतून वहीचं पान काढलं तिनं,
नातवानं उतरवलेला हिशेब.
"पाहनारा वाढनात, पैसा कमी व्हयनात.
कोठे गयी राहिनं रे भाऊ?
तुले समजस ना यामातलं."

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर,
समोर कुणाचा तरी फोन, पोट उघडं टाकून पडलेला.
कंपनी कापते, मावशी, मी म्हणालो.
तेही खरंच होतं.
अर्धं.

ती गेल्यावर रसवंतीवाल्या हिलालला सांगितलं.
घुंगरं वाजवत चरक फिरत होता, तो थांबवून म्हणाला,
दहा रुपये कंपनी खाते, एक तिला टाकते.
त्या एकासाठी मी नऊ खोटी गिळू का?
टीव्हीवर जाहिरात लागली की
अख्खी गल्ली लघवीला उठायची.
कुणी चोर म्हटलं होतं?

मला वडील आठवले. वहीच्या फडात ढोलकीवर असायचे.
राणी विषाचा पेला ओठाला लावणार
तोच गाणं तुटायचं :
किराणा मर्चंट छगनशेठ यांच्याकडून
अकरा रुपये, मंडळ आभारी आहे.
राणी पेला धरून उभी.
आम्ही पोरं जांभया देत उभी.
मरायचं असेल तर मर एकदाची, असं वाटायचं,
पण त्या अकरातूनच वडलांचं परतीचं भाडं
आणि सकाळी आमच्यासाठी कागदात जिलेबी.

हे हिलालला सांगितलं तर उसाची चिपाडं झटकत बोलला,
छगनशेठला माझा गुडघा दुखतो हे माहीत नव्हतं.
मी फक्त बायकोला सांगितलं होतं,
दुसऱ्या दिवशी फोनमध्ये तेलाची बाटली.
यावर मला काही बोलता आलं नाही.
त्यानं रस दिला, पैसे घेतले नाहीत,
आणि ते फुकट पिताना
पहिल्यांदाच घशाशी काहीतरी अडकलं.

रात्री शटर अर्धं ओढून
माझ्या फोनमधलं कुलूप काढलं. फक्त तिच्यापुरतं.
मावशीच्या तळव्यावर भाकरी, फिरते आहे, मोठी होते आहे,
आणि पाच मिनिटांत कर्ज!
कोट घातलेला एक पोरगा हसत सुटला.
वगळा, असं बटण आलं.
दाबलं नाही.
वाजू दिलं.
पण पाहिलंही नाही,
तेवढा वेळ शिरपूरची शेवटची गाडी
रिव्हर्स घेत होती ती बघत बसलो.

याचे तिला मिळतील का?
आणि न बघता मिळाले
तर ते कुणाच्या खिशातून?

भाकरी तव्यावर पडली.
मावशी म्हणाली, "हाई पाहा, कशी फुगनी."

सकाळी ओल्या फडक्यानं पाटी पुसायला घेतली.
तीस तेवढं पुसलं गेलं.
एक गिऱ्हाईक आलं, विचारलं, किती घेता?
अजून ठरलं नाही, म्हटलं.
बसा.